विश्लेषण : दादाभाई नौरोजींना तीन मतांनी खासदार करणारा ‘सेंट्रल फिन्सबरी’ मतदारसंघ कुठे गेला?

लंडनमधील सेंट्रल फिन्सबरी हा संसदीय मतदारसंघ १८८५ मध्ये अस्तित्वात आला आणि १९१८ मध्ये नकाशावरून पुसला गेला. तेहतीस वर्षांत तेथून सहा जण निवडून गेले. त्यांपैकी पाच जणांची नावे आज त्या भागातील रहिवाशांनाही सांगता येणार नाहीत. सहावे नाव दादाभाई नौरोजींचे. शाळेच्या पुस्तकात त्यांची ही खासदारकी एका ओळीत उरकली जाते. पण ज्या देशाला मताचाच अधिकार नव्हता, त्या देशाच्या माणसाला घड्याळे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांच्या एका दाटीवाटीच्या वस्तीने संसदेत कसे पाठवले आणि तेथे पोहोचून त्यांच्या हाती काय लागले, हे पाहिल्याशिवाय दादाभाईंचे पुढचे राजकारण नीट उलगडत नाही.

हा मतदारसंघ तयार का झाला?

१८३२ च्या निवडणूक सुधारणेत लंडनच्या जुन्या शहराला लागून असलेल्या फिन्सबरीला दोन खासदार मिळाले. या जागेची ख्याती पहिल्यापासून बंडखोर होती. ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक काढणारे थॉमस वॅकली येथूनच संसदेत गेले होते. मात्र पुढच्या पन्नास वर्षांत लंडनची वस्ती बेसुमार वाढली. १८८४ च्या कायद्याने मताधिकार रुंदावला आणि १८८५ च्या पुनर्रचनेने मोठ्या मतदारसंघांचे तुकडे करून ‘एक जागा, एक खासदार’ हे सूत्र जवळपास सगळीकडे लावले. जुन्या फिन्सबरीतून इस्लिंग्टनच्या चार जागा निघाल्या, होबर्न निघाले, ईस्ट फिन्सबरी निघाले आणि मधल्या क्लर्कनवेलच्या वस्तीला सेंट्रल फिन्सबरी हे नाव पडले.

मताधिकार रुंदावला म्हणजे सगळ्यांना मिळाला, असे मात्र नव्हे. स्त्रियांना मत नव्हतेच. पुरुषांमध्येही कुटुंबप्रमुख किंवा वर्षाला किमान दहा पौंड भाड्याच्या खोलीत राहणारा भाडेकरू, तोही बारा महिने एका पत्त्यावर राहिलेला असला, तरच त्याचे नाव यादीत येई. काम सुटले की खोली सुटणाऱ्या वस्तीत ही अट किती नावे गाळत असेल, हे चाळीत राहिलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. दरवर्षी यादीची सुनावणी होई आणि दोन्ही पक्षांचे एजंट एकमेकांच्या माणसांच्या नावांवर हरकती घेत. निम्मी निवडणूक तेथेच लढली जाई. अशा छाटलेल्या यादीमुळे येथे दहा-पाच मतांनाही मोल होते.

मतदार कोण होते?

क्लर्कनवेल म्हणजे घड्याळांचे गाव. एक कारागीर चाके कापणार, दुसरा तबकडी रंगवणार, तिसरा कमान बसवणार. घराघरांत कामाचा एकेक तुकडा चाले. सोनारकाम, कोरीवकाम आणि छपाई हे जोडधंदे होते. १८८० च्या दशकात स्वस्त स्विस आणि अमेरिकी घड्याळांनी हा धंदा पोखरायला सुरुवात केली होती. परदेशी मालाने देशी कारागीर बसतो म्हणजे काय, हे या मतदारांना निराळे समजावण्याची गरज नव्हती. शेजारी इटालियन स्थलांतरितांची वस्ती होती. क्लर्कनवेल ग्रीन या चौकात कामगारांच्या सभा भरत. त्याच चौकातील एका इमारतीत पुढे १९०२-०३ मध्ये लेनिनने आपल्या ‘इस्क्रा’ या पत्राचे अंक तयार केले. आज तेथे मार्क्स स्मारक ग्रंथालय आहे.

नव्या मतदारसंघाचे पहिले खासदार लिबरल पक्षाचे हॉवर्ड स्पेन्स्ले. हे गृहस्थ ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या विधानसभेत राहून आलेले. म्हणजे समुद्रापारचा उमेदवार येथे अगदीच नवा नव्हता. पण एका गोऱ्या वसाहतीतून परतलेला इंग्रज आणि मुंबईचा पारशी यांत मतदारांनी किती फरक करावा, हा प्रश्न पुढचा होता. १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्यावरून लिबरल पक्ष फुटला आणि ही जागा निसटत्या फरकाने हुजूर पक्षाच्या फ्रेडरिक थॉमस पेन्टन यांच्याकडे गेली. क्लर्कनवेलला लागून असलेल्या पेन्टनव्हिल या भागाला ज्या जमीनदार घराण्याचे नाव मिळाले, त्याच घराण्यातील हे पेन्टन. दादाभाईंची लढत यांच्याशी होणार होती.

दादाभाई तेथवर कसे पोहोचले?

घराणे नवसारीचे, पण वाढले मुंबईत. जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. वडील चार वर्षांच्या मुलाला मागे ठेवून गेले. आई माणेकबाईंनी हिमतीने शिकवले. एल्फिन्स्टन संस्थेत मुलाची हुशारी पाहून मुख्य न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी वकिलीसाठी इंग्लंडला पाठवण्याचा निम्मा खर्च देऊ केला. मुलगा तिकडे जाऊन ख्रिस्ती होईल, या धास्तीने समाजातील वडीलधाऱ्यांनी उरलेला निम्मा देण्याचे टाळले. बेत तिथेच फसला. मग त्याच संस्थेत दादाभाई शिकवू लागले आणि पुढे गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या कॉलेजात एवढ्या पदावर पोहोचलेले ते पहिले भारतीय.

१८४९ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थी मंडळाने मुंबईत मराठी आणि पारशी मुलींसाठी शाळा काढल्या. सकाळी आपले कॉलेज सुरू होण्यापूर्वी ही मंडळी फुकट शिकवत. पुढे जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्यांचा आधार मिळाला. १८५१ मध्ये दादाभाईंनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केले. पंचविशीतल्या माणसाचा हा पसारा पाहिला की पुढचे सारे आयुष्य लंडनच्या राजकारणाने गिळले, याची थोडी हळहळ वाटते.

१८५५ मध्ये ते कामा कुटुंबाच्या व्यापारी पेढीत भागीदार म्हणून लंडनला गेले. पेढीचा दारू-अफूशी येणारा संबंध मनाला पटेना, म्हणून बाहेर पडले आणि स्वतःची कापसाची पेढी काढली. युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापकही होते. व्यापाराचे हिशेब पाहणाऱ्या या गणिताच्या मास्तराने मग एका देशाचा हिशेब मांडायला घेतला. हिंदुस्थानातून इंग्लंडला जाणाऱ्या मालाचे मूल्य परत येणाऱ्या मालापेक्षा सतत जास्त का, या साध्या प्रश्नातून १८६७ पासून त्यांचा संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत उभा राहिला. गोऱ्या अधिकाऱ्यांचे पगार, निवृत्तिवेतने, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, लढायांची बिले, सारे हिंदुस्थानच्या करातून. सरकारी आकड्यांवरूनच त्यांनी १८६७-६८ चे दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढले. तुरुंगातील कैद्याच्या पोटालाही याहून अधिक लागते, हे त्यांनी सरकारी कागदांवरूनच दाखवून दिले.

मधल्या काळात १८७४ मध्ये मल्हारराव गायकवाडांच्या बडोद्यात दिवाणगिरी झाली. महाराज आणि इंग्रज रेसिडेंट या दोघांशी जमेना, तेव्हा वर्षभरात राजीनामा दिला. मग मुंबई महापालिका, प्रांतिक कायदेमंडळ आणि १८८५ मध्ये काँग्रेसची स्थापना. पण दादाभाईंचा निष्कर्ष तोवर पक्का झाला होता : निर्णय कलकत्त्यात होत नाहीत, वेस्टमिन्स्टरमध्ये होतात. मग माणूसही तेथेच हवा.

परदेशी माणसाला निवडणूक लढवता कशी आली?

कायद्याने दादाभाई परदेशी नव्हते. राणीचा कोणताही प्रजाजन साम्राज्यात कुठेही जन्मलेला असला, तरी ब्रिटनमधील कोणत्याही मतदारसंघातून उभा राहू शकत होता. त्यासाठी त्या मतदारसंघात राहण्याचीही अट नव्हती. म्हणजे मुंबईच्या माणसाला मुंबईत खासदार निवडता येत नव्हता, पण लंडनमध्ये स्वतः खासदार होता येत होते. बंगालचे लालमोहन घोष १८८५ मध्ये डेप्टफर्डमधून लढून हरले होते. त्याआधी १८४१ मध्ये सरधन्याच्या बेगम समरूंचे वारस डाइस सोंब्रे सडबरीतून निवडून आले होते. ते मिश्र वंशाचे, आणि लाचखोरीवरून त्यांची निवड रद्द झाली. म्हणून पहिले भारतीय खासदार हा मान बहुतेक जण दादाभाईंनाच देतात.

कायद्याची अडचण नसली तरी पैशाची होती. खासदारांना पगार नव्हता. तो १९११ मध्ये सुरू झाला. निवडणूक घेण्याचा सरकारी खर्चही उमेदवारांनीच भरायचा. पेढीत फटके खाल्लेल्या दादाभाईंना हिंदुस्थानातील मित्र आणि संस्थानिकांकडून येणाऱ्या मदतीवर हा डाव चालवावा लागला.

होबर्नचा पराभव का महत्त्वाचा?

१८८६ मध्ये त्यांना लिबरल पक्षाची उमेदवारी मिळाली ती शेजारच्या होबर्नमध्ये. जागा हुजूर पक्षाच्या घट्ट पकडीतली होती आणि तयारीला वेळ नव्हता. कर्नल डंकन यांना ३,६५१ मते पडली, दादाभाईंना १,९५०. डंकन १८८८ मध्ये वारले आणि पोटनिवडणूक लागली. त्या सुमारास पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी एडिंबरोच्या सभेत दादाभाईंचा उल्लेख काळा माणूस असा केला आणि अशाला निवडून देण्याइतका इंग्रज मतदार अजून पुढे गेलेला नाही, अशा आशयाचे बोलून गेले. ग्लॅडस्टनपासून लिबरल वर्तमानपत्रांपर्यंत सगळे सॅलिसबरींवर तुटून पडले. दोघांत अधिक सावळे पंतप्रधानच आहेत, अशीही थट्टा झाली, कारण दादाभाई चांगले गोरे होते. (या थट्टेत वर्णाचा मुद्दा कोणी सोडला नव्हता, फक्त उलटवला होता, हेही लक्षात घ्यायला हवे.) काल-परवापर्यंत फारसे कोणाला ठाऊक नसलेले नाव देशभर झाले.

याच सॅलिसबरींनी भारतमंत्री असताना सनदी सेवेच्या परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणली होती. परीक्षा फक्त लंडनमध्ये होई. त्याआधी १८६९ मध्ये उत्तीर्ण झालेल्या श्रीपाद बाबाजी ठाकूर आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनाही वयाच्या हिशेबावरून आधी बाद ठरवले गेले होते. एकोणिसाव्या वर्षी समुद्र ओलांडून परीक्षेला बसणे जवळपास कोणालाच शक्य नव्हते. दादाभाईंच्या मनात ही गाठ पक्की होती.

तीन मते नेमकी कशी?

१८८८ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या लिबरल संघटनेने दादाभाईंची निवड केली आणि लगेच तिच्यात फूट पडली. एका गटाला हा उमेदवार मान्य नव्हता. वाद चार वर्षे चिघळला आणि निवडणूक तोंडावर येईपर्यंत प्रतिस्पर्धी लिबरल उमेदवाराची टांगती तलवार राहिली. दादाभाईंनी मात्र मतदारसंघ सोडला नाही. क्लबांत, सभागृहांत, कामगार संघटनांच्या बैठकांत ते बोलत राहिले. आयर्लंडचे स्वराज्य, कामाचे तास, स्त्रियांचा मताधिकार, लंडनच्या नगरपालिकेचे अधिकार या तेथल्या प्रश्नांवर त्यांनी ठाम भूमिका घेतल्या. हिंदुस्थानचा विषय असे, पण प्रचार त्याच्यावर उभा नव्हता. घड्याळजीचे मत त्याच्या प्रश्नावरच मागावे लागते, हे व्यापार केलेल्या माणसाला कळत होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्यांचा पाठिंबा उपयोगी पडला.

जुलै १८९२ मध्ये मतदान झाले. दादाभाई २,९५९, पेन्टन २,९५६.  एकूण मतदान सहा हजारांच्या आत. मुंबईच्या एका प्रभागातही आज याच्या कितीतरी पट मते पडतात. पेन्टन यांनी निकालाला न्यायालयात आव्हान दिले, ते टिकले नाही. नौरोजी या नावाचा इंग्रजांना नीट उच्चार करता येत नसे. आता त्यांना ‘नॅरो मेजॉरिटी’ असे सोयीचे टोपणनाव सापडले. ६६ व्या वर्षी दादाभाईंनी अवेस्तावर हात ठेवून खासदारकीची शपथ घेतली.

संसदेत काय साधले?

या प्रश्नाचे उत्तर २ जून १८९३ या एका तारखेत आहे. सनदी सेवेची परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी, असा ठराव लिबरल खासदार हर्बर्ट पॉल यांनी मांडला आणि दादाभाईंनी तो लावून धरला. सभागृहात उपस्थिती तुरळक होती. ठराव ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला, तोही दादाभाईंच्याच पक्षाच्या सरकारची इच्छा नसताना. हिंदुस्थानात आनंदाला उधाण आले. वर्षअखेरीस लाहोर काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवण्यासाठी ते मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताला शहर लोटले होते.

पुढे सरकारने ठराव अभिप्रायासाठी प्रांतांकडे धाडला. मद्रास वगळता सगळ्या प्रांतिक सरकारांनी विरोध नोंदवला आणि १८९४ मध्ये ठराव बासनात गेला. संसदेने मंजूर केलेली गोष्ट इंडिया ऑफिसने मोडीत काढली. हिंदुस्थानच्या मागण्या संसदेत मांडल्या की इंग्रजांची न्यायबुद्धी जागी होईल, या विश्वासावर दादाभाईंनी आयुष्याची चाळीस वर्षे घातली होती. पुरावा त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो विरुद्ध बाजूचा होता.

एक गोष्ट मात्र हाती लागली. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग १८९५ मध्ये नेमला गेला आणि दादाभाई त्याचे सदस्य झाले. शाही आयोगावर बसलेले ते पहिले भारतीय. या आयोगापुढे १८९७ मध्ये साक्ष द्यायला पुण्याहून वयाच्या तिसाव्या वर्षी गोपाळ कृष्ण गोखले गेले. आयोगाने फारसे काही बदलले नाही. दादाभाई, वेडरबर्न आणि केन या तिघांनी आपले वेगळे मत नोंदवले.

जागा गेली कशी, आणि दादाभाई कुठे वळले?

जुलै १८९५ मध्ये देशभर लिबरल पक्षाची वाताहत झाली. सेंट्रल फिन्सबरीही हुजूर पक्षाच्या मॅसी-मेनवेरिंग यांच्याकडे गेले आणि या वेळी फरक तीन मतांचा नव्हता. त्याच निवडणुकीत हुजूर पक्षाने मुंबईच्याच मंचरजी भावनगरी यांना ईशान्य बेथनल ग्रीनमधून निवडून आणले. इंग्रज राज्याची तरफदारी करणारा पारशी खासदार उभा करून दादाभाईंच्या पारशी खासदारकीचे उत्तर देण्याचा हा डाव होता, असे काँग्रेसवाल्यांना वाटले. भावनगरींच्या नावावरून त्यांनी ‘बो अँड अग्री’ अशी कोटी केली. वाकायचे आणि होकार द्यायचा.

दादाभाई लंडनमध्येच राहिले. १९०१ मध्ये त्यांचा निःसारणावरील मोठा ग्रंथ निघाला. भाषा आता बदलली होती. १९०४ मध्ये ते अ‍ॅमस्टरडॅमला आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत जाऊन बोलले. १९०६ मध्ये नॉर्थ लँबेथमधून पुन्हा उभे राहिले, पण पक्षाची अधिकृत उमेदवारी नव्हती आणि ते फार मागे पडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मवाळ आणि जहाल यांच्या ओढाताणीत कलकत्ता काँग्रेसला सगळ्यांना चालेल असा अध्यक्ष हवा होता. टिळकांच्या गटालाही ८१ वर्षांच्या या म्हाताऱ्याला नाकारणे शक्य नव्हते. मवाळांना ते आपले वाटत होते. त्यांनी अध्यक्षपदावरून काँग्रेसचे ध्येय म्हणून स्वराज्य हा शब्द उच्चारला. परीक्षा, नोकऱ्या आणि आयोग यांच्या मागे धावलेल्या माणसाने आता सरळ राज्यच मागितले.

१९०७ मध्ये ते वर्सोव्याच्या घरी परतले आणि ३० जून १९१७ रोजी मुंबईत वारले. ज्या परीक्षेसाठी त्यांनी ठराव जिंकला होता, ती हिंदुस्थानात पहिल्यांदा झाली १९२२ मध्ये, अलाहाबादला.

मतदारसंघाचे पुढे काय झाले?

१९०६ मध्ये ही जागा डब्ल्यू. सी. स्टेडमन या कामगार नेत्याने जिंकली. १९१० मध्ये मेजर मार्टिन आर्चर-शी यांनी ती हुजूर पक्षाला परत मिळवून दिली. त्यांच्या धाकट्या सावत्र भावावर नाविक शाळेत पोस्टल ऑर्डर चोरल्याचा खोटा आळ आला होता आणि ते प्रकरण तेव्हा इंग्लंडभर गाजत होते. पहिले महायुद्ध सुरू झाल्याने १९१० नंतर सार्वत्रिक निवडणूकच झाली नाही.

१९१८ च्या कायद्याने २१ वर्षांवरील पुरुषांना आणि तिशी ओलांडलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मत मिळाले. यादी एवढी फुगली की जुन्या सीमा निरुपयोगी ठरल्या. फिन्सबरीचे तुकडे जोडून पुन्हा एकच मतदारसंघ करण्यात आला आणि सेंट्रल फिन्सबरी हे नाव कागदावरून गेले. १९५० मध्ये तो मतदारसंघही शेजारच्या शोरडिचमध्ये मिसळला. आज हा भाग इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी या जागेत मोडतो. फिन्सबरीच्या जुन्या नगरभवनावर दादाभाईंच्या नावाची पाटी आहे आणि त्याच वस्तीतल्या एका लहानशा रस्त्याला नौरोजी स्ट्रीट म्हणतात.